जुन्या सैनिकाची नाकारलेली पेन्शन: ग्वाल्हेरमधून सुरुवात कशी करायची

घरात १९६२, १९६५ किंवा १९७१ ची लढाई पाहिलेले आजोबा आहेत, पदकं पेटीत आहेत आणि पेन्शन मात्र नाही. अशा घरात बहुतेक वेळा एकच गोष्ट झालेली असते. वीस-तीस वर्षांपूर्वी कुणीतरी अर्ज लिहिला, "आपण पात्र नाही" असं दोन ओळींचं उत्तर आलं आणि विषय तिथेच मिटला. ते उत्तर बरोबर होतं की चूक, हे कुणी तपासलंच नाही. हा लेख त्या तपासणीसाठी आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर, मुरार, शिंदे की छावणी या भागांत किंवा आसपासच्या तहसिलीत राहणाऱ्या मुला-नातवंडांनी तो हातात घेऊन एकेक पायरी करावी.

पेन्शनचा अर्ज लगेच लिहायला बसू नका. आधी आजोबा फौजेतून नेमके कसे बाहेर पडले ते शोधा. सगळं प्रकरण त्यावर उभं राहतं.

१. डिस्चार्ज बुकातल्या तीन नोंदी

डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक, उघडा आणि भरतीची तारीख, सुटण्याची तारीख आणि सुटण्याचं कारण या तीन गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. कारण शब्दशः उतरवा, आपल्या भाषेत सांगू नका. "सेवेची मुदत पूर्ण", "स्वतःच्या विनंतीवरून", "वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य", "रिझर्व्हमध्ये बदली", "सेवेची गरज उरली नाही" या प्रत्येक शब्दाचा कायद्यातला अर्थ वेगळा आहे. घरात मात्र सगळ्यांना एकच शब्द असतो: "रिटायर झाले".

सेवा मोजताना वर्ष-महिना-दिवस असं मोजा. समजा भरती १२ मार्च १९५७ ची आणि सुटका ११ जानेवारी १९७२ ची. दोन्ही दिवस धरून ही १४ वर्षं १० महिने होतात. आता बुकात बिनरजा गैरहजेरी किंवा कैदेचे दिवस लिहिले आहेत का ते पाहा, कारण ते वजा होतात. वीस दिवस वजा झाले तर उरतात १४ वर्षं ९ महिने आणि थोडे दिवस. "जवळजवळ पंधरा" असं अर्जात कधी लिहू नका, नेमका आकडा लिहा.

बुक हरवलं असेल तर पदक काढा. आपल्याकडच्या लष्करी पदकाच्या कडेवर, म्हणजे नाण्याच्या काठासारख्या जाड बाजूवर, सैनिक क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरात कोरलेलं असतं. मऊ कापडाने पुसा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, अक्षरं दिसतात. समर सेवा स्टार किंवा रक्षा मेडल असेल तर १९६५, आणि पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार किंवा संग्राम मेडल असेल तर १९७१. सैनिक क्रमांक मिळाला की अर्धं काम झालं, कारण रेजिमेंटच्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस माणसाला नावाने शोधत नाही, क्रमांकाने शोधतं.

२. प्रकरण कोणत्या खान्यात बसतं ते ठरवा

जवान आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) यांना सर्व्हिस पेन्शनसाठी किमान १५ वर्षांची पात्र सेवा लागते. अधिकाऱ्यांना २० वर्षं लागतात. हे बहुतेकांना माहीत असतं, आणि त्यामुळेच पंधरापेक्षा कमी सेवा दिसली की लोक हात टेकतात. पण पंधराच्या आत असूनही हक्क लागू शकेल अशा तीन वाटा आहेत.

पहिली, सेवा १४ ते १५ वर्षांच्या मधली. एक वर्षापर्यंतची तूट माफ करण्याची तरतूद पेन्शन नियमांत आहे. आधी ही मर्यादा सहा महिन्यांची होती, ऑगस्ट २००१ पासून ती बारा महिने झाली. अडचण कुठे येते? स्वतःच्या विनंतीवरून सुटलेल्यांना नियमातच अपवाद केलेला आहे. अशा प्रकरणात रेकॉर्ड ऑफिसकडून नकारच येईल असं धरून चाला आणि पुढची तयारी ट्रिब्यूनलच्या, म्हणजे आठव्या पायरीतल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या, दृष्टीने करा.

दुसरी, रिझर्व्हिस्ट पेन्शन. हीच सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. त्या काळात भरतीच सात-आठ वर्षं कलर सर्व्हिस (प्रत्यक्ष पलटणीतली नोकरी) आणि उरलेली वर्षं रिझर्व्ह (घरी राहायचं, बोलावलं तर हजर व्हायचं) अशा करारावर होत असे. कलर आणि रिझर्व्ह मिळून १५ वर्षं पूर्ण झाली असतील तर १९६१ च्या पेन्शन नियमांप्रमाणे, म्हणजे १५५ व्या कलमाखाली, रिझर्व्हिस्ट पेन्शनचा हक्क येतो. आजोबा १९६१ साली भरती झाले, १९६८ साली घरी आले आणि रिझर्व्हच्या यादीत १९७६ पर्यंत होते, तर घरच्यांच्या हिशेबात "सात वर्षांची नोकरी" असते आणि नियमाच्या हिशेबात पंधरा वर्षं. रिझर्व्हमध्ये असताना १९७१ साली परत बोलावणं आलं असेल तर ती नोंदही फार मोलाची.

इथे एकच गोष्ट नीट विचारा: सुटताना पेन्शनऐवजी ग्रॅच्युइटी, म्हणजे एकरकमी पैसे, घेतले होते का? तसा पर्याय लिहून दिला असेल तर रेकॉर्ड ऑफिस तेच पुढे करतं. आजोबांना आठवत नसेल तर अंदाजाने "नाही" लिहू नका. ते कागदातून काढायचं आहे, पाचव्या पायरीत.

तिसरी, जखम किंवा आजारपणामुळे सुटका. सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं अपंगत्व २० टक्के किंवा जास्त असेल तर डिसअॅबिलिटी पेन्शनला सेवेच्या वर्षांची किमान अट नाही. चार वर्षांच्या नोकरीवरही ती मिळते.

आता स्पष्ट सांगायलाच हवं असं एक. १९६२ नंतरच्या घाईच्या भरतीत आलेले, चार-पाच वर्षांनी "गरज उरली नाही" म्हणून सुटलेले, रिझर्व्हमध्ये न गेलेले आणि जखमीही न झालेले बरेच जण होते. त्यांना सर्व्हिस पेन्शन लागू होत नाही. त्यांच्यासाठी नववी पायरी आहे आणि ती आजच करता येते.

आजोबा फौजेनंतर सरकारी खात्यात लागले होते का, आणि फौजेची वर्षं तिथल्या पेन्शनमध्ये धरली गेली का, हेही विचारून ठेवा. धरली असतील तर त्याच वर्षांवर दुसरा दावा टिकत नाही.

३. गोळा करायचे कागद

डिस्चार्ज बुकाचं प्रत्येक पान, कोरं पान धरून, स्कॅन करा. पदकांचे फोटो घ्या, कडेवरच्या अक्षरांसकट. जुनी पत्रं, मनिऑर्डरच्या पावत्या, लष्करी दवाखान्याची चिठ्ठी, आधीच्या नकाराचं पत्र, सगळं. नकाराच्या पत्रावरचा जावक क्रमांक आणि तारीख तर लाख मोलाची.

बाकीचे: आजोबा आणि आजी दोघांचं आधार, पॅन, समग्र आयडी, दोघांचा एकत्र फोटो आणि बँकेचं पासबुक. बँक खातं दोघांच्या नावे "दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो" या पद्धतीचं असावं. नसेल तर आत्ताच करून घ्या.

मूळ डिस्चार्ज बुक कुणालाही, कुठेही पाठवू नका. फक्त साक्षांकित प्रत पाठवा.

४. नावातला फरक आधी मिटवा

आपल्या मराठी घरांत ही गाठ जरा घट्टच बसते. भरतीच्या वेळी समोरचा कारकून उत्तरेतला, त्याने "राव" हेच आडनाव धरलं. फौजेच्या कागदात "महादेव राव" आणि आधारवर "महादेव गणपत" पुढे खरं आडनाव, असे दोन वेगळे इसम तयार होतात. आजींच्या बाबतीत आणखी वेगळं: नोंदीत माहेरचं नाव, आणि लग्नात नाव बदललं म्हणून आधारवर सासरचं.

यासाठी नोटरीसमोर शपथपत्र करा: दोन्ही नावं जशीच्या तशी लिहून "या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे". सैनिक क्रमांक आणि वडिलांचं नाव त्यात हवंच. आजींचं नाव नोंदीत अजिबात नसेल तर ते चढवण्यासाठी रेकॉर्ड ऑफिसला वेगळा अर्ज लागतो, सोबत लग्नाचा पुरावा आणि एकत्र फोटो. हे काम "पेन्शन मिळाल्यावर बघू" म्हणून ठेवू नका. आजोबा गेल्यावर तोच अर्ज आजींना एकटीला करावा लागतो आणि तेव्हा सही करायला मुख्य माणूस नसतो.

जन्मतारखेत फरक असेल तर आधार फौजेच्या नोंदीप्रमाणे बदलता येतं का ते पाहा. उलटं, म्हणजे फौजेची जुनी नोंद आधारप्रमाणे बदलणं, या वयात जवळपास अशक्य असतं.

५. रेकॉर्ड ऑफिसमधून नोंदी काढा

प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस ठरलेलं आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्स आणि ग्रेनेडियर्सचं जबलपूरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, गार्ड्सचं कामठीला, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं अहिल्यानगरला, ईएमई (यंत्रदुरुस्ती शाखा) आणि ऑर्डनन्सचं (शस्त्र-सामान पुरवठा शाखा) सिकंदराबादला. नौदलाचं मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीत सुब्रोतो पार्कला.

ग्वाल्हेर संस्थानच्या पलटणीतून पुढे गेलेल्यांसाठी एक खूण: ग्वाल्हेर इन्फन्ट्रीतून १४ कुमाऊं झाली आणि तीच पुढे ५ मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री झाली. त्यामुळे कागद रानीखेतला आहेत की अहिल्यानगरला, हे आजोबा कोणत्या साली सुटले त्यावर ठरतं. शंका असेल तर दोन्हीकडे लिहा.

मागणी साध्या पत्राने न करता माहितीच्या अधिकाराखाली करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर शुल्क माफ. अर्ज आजोबांच्याच नावाने आणि सहीने करा, म्हणजे "दुसऱ्याची खाजगी माहिती" हे कारण पुढे येत नाही. अर्जात हे मागा:

लाँग रोल (भरती-सुटकेचं कायमचं रजिस्टर) यातल्या नोंदीची प्रत. शीट रोल (सैनिकाच्या सेवेचा नोंदपट) आणि भरतीच्या कराराची प्रत, कलर व रिझर्व्हची वर्षं दिसतील अशी. सुटताना दिलेल्या ग्रॅच्युइटीची रक्कम, तारीख आणि पर्याय दिल्याचा कागद. मेडिकल बोर्ड झालं असल्यास त्याची कार्यवाही. पेन्शन नाकारल्याचा मूळ आदेश. आणि कागद नष्ट केले असतील तर कोणत्या तारखेला, कोणत्या नियमाखाली.

शेवटचा मुद्दा विसरू नका. पेन्शन नसलेल्या सैनिकाची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे, म्हणून "रेकॉर्ड नष्ट झालं" असं उत्तर फार जणांना येतं आणि लोक तिथे थांबतात. थांबायचं कारण नाही. लाँग रोल हे रजिस्टर कायम जपून ठेवायचं असतं आणि त्यात भरतीची तारीख, सुटण्याची तारीख आणि कारण असतंच. लाँग रोल नाव घेऊन मागितलं नाही तर ते आपणहून कुणी पाठवत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. त्याला शुल्क नाही.

६. अर्ज

आता पेन्शनचा अर्ज लिहा, रेकॉर्ड ऑफिसच्या प्रमुखांच्या नावे. मंजुरीचा आदेश, म्हणजे पीपीओ, भूदलाच्या बाबतीत प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून निघतो, पण प्रकरण तिथे रेकॉर्ड ऑफिसमार्फतच जातं. राष्ट्रपती आणि पंतप्रधानांना लिहिलेली पत्रंही फिरून याच टेबलावर येतात आणि मधले महिने फुकट जातात.

दीड पानापेक्षा मोठा अर्ज नको. पहिल्या परिच्छेदात क्रमांक, हुद्दा, नाव, दोन तारखा आणि कारण. दुसऱ्यात कोणती पेन्शन मागताय ते एकाच वाक्यात. "कोणतीही पेन्शन द्यावी" असं लिहिलं की नाकारणं सोपं जातं. तिसऱ्यात हिशेब. चौथ्यात, नकार द्यायचा असेल तर कारणासह लेखी आदेश द्यावा ही मागणी. लढाईतली कामगिरी आणि घरची हलाखी लिहायला मन ओढ घेईल, तेही खरंच असतं. पण ते शेवटी तीन ओळींत असू द्या, कारण मंजुरी हिशेबावर मिळते.

स्पीड पोस्टाने पाठवा. महाराज बाड्यावरच्या पोस्टातली पावती त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा, त्या कागदावरची शाई सहा महिन्यांत उडते. एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या आणि त्यांच्या शिफारसपत्राची विनंती करा. आजोबांचा हात थरथरत असेल तर अंगठा चालतो, पण दोन साक्षीदारांच्या सह्या आणि पत्ते लागतात. कधी सही, कधी अंगठा असं करू नका. एकच ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

७. जखमेचं प्रकरण असेल तर

मेडिकल बोर्डाच्या कागदात दोन गोष्टी पाहायच्या: अपंगत्व किती टक्के, आणि ते सेवेमुळे आलं की नाही. जुन्या नकारांमध्ये बहुतेक वेळा "सेवेमुळे आलेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही" एवढंच ठरावीक वाक्य असतं, कारण दिलेलं नसतं.

इथे सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग प्रकरणातला निकाल कामी येतो. भरतीच्या वेळी तपासणीत तो आजार नोंदलेला नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, आणि आजार सेवेमुळे आला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, सैनिकाची नाही. २०१४ च्या सुखविंदर सिंग निकालात आणखी पुढे म्हटलं आहे: आजारपणामुळे नोकरीतूनच काढलं असेल तर अपंगत्व २० टक्क्यांहून जास्त धरायला हवं. त्याच वर्षी १० डिसेंबरला राम अवतार प्रकरणात टक्केवारी वर नेण्याचा लाभ मुदत पूर्ण करून सुटलेल्यांनाही लागू झाला: ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायची, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यावर १००.

प्रत्यक्ष लढाईतली जखम असेल तर "वॉर इंज्युरी पेन्शन" असं नाव घेऊन मागा, तिचा दर वेगळा आणि जास्त आहे. अंगावरच्या जुन्या जखमेचा आजच्या डॉक्टरकडून दाखला आणि एक्स-रे घ्या. हाडात किंवा मांसात धातूचा तुकडा राहिला असेल तर तो साठ वर्षांनीही एक्स-रेत पांढरा स्वच्छ दिसतो, आणि कागद नष्ट झालेल्या प्रकरणात यासारखा पुरावा नाही.

२०२३ साली पात्रतेचे नवे, कडक नियम आले. कुणी ते दाखवून परत पाठवू लागलं तर ठामपणे सांगा की ते २१ सप्टेंबर २०२३ पासून पुढे लागू आहेत, जुन्या प्रकरणांना नाहीत.

८. नकार आला किंवा काहीच आलं नाही तर

अर्ज देऊन सहा महिने झाले आणि उत्तर नाही, किंवा नकार हातात पडला, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जायचं. मध्य प्रदेशासाठी त्याचं खंडपीठ जबलपूरला आहे. ग्वाल्हेरच्या उच्च न्यायालयात आधी जाऊ नका, तिथून बहुधा जबलपूरलाच पाठवतात.

दाव्याची मुदत सहा महिन्यांची आहे. तुमचं प्रकरण चाळीस वर्षांचं असेल तर सोबत उशीर माफीचा अर्ज जोडायचा. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून उशिरामुळे मूळ हक्क बुडत नाही. पण २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे थकबाकी साधारणपणे दावा दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. याचा अर्थ नीट समजून घ्या: तुम्ही दावा जितके महिने लांबवाल तितक्या महिन्यांची थकबाकी मागून गळत जाते. "दिवाळीनंतर बघू" याची किंमत आजोबांच्या खिशातून जाते.

वकील आवश्यक नाही, स्वतः बाजू मांडता येते. पण कायद्याचे मुद्दे असतील तर वकील घ्याच. आजी दावेदार असतील तर महिला म्हणून मोफत विधी सहाय्य मिळतं, उत्पन्नाची अट नाही. माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२५ साली वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे, तिची चौकशी सैनिक कल्याण कार्यालयात करा. थकबाकीतला हिस्सा मागणाऱ्या दलालांपासून दूर राहा, आणि कोऱ्या स्टँप पेपरवर आजोबांचा अंगठा कुणालाही देऊ नका.

प्रकरण चालू असताना आजोबा गेले तर दावा संपत नाही. मृत्यूचा दाखला घेऊन आजींचं नाव लावण्याचा अर्ज ताबडतोब द्या.

९. तोपर्यंत घर चालायला: पेन्युरी ग्रँट

पेन्शन नसलेले, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचे, वय ६५ च्या वर आणि नियमित उत्पन्न नसलेले माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा यांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळते. ती ४,००० रुपये होती, नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० रुपये झाली. अर्ज बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा, तपासणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय करतं. ही घेतल्याने पेन्शनचा दावा कमजोर होत नाही. पेन्शन सुरू झाली की मात्र लगेच कळवून बंद करायची.

१०. मंजुरी आल्यावर

पेन्शन आता स्पर्श या प्रणालीतून थेट खात्यात येते. पीपीओ हातात आला की चार गोष्टी त्याच दिवशी ताडून पाहा: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, आजींचं नाव आणि पेन्शन कोणत्या तारखेपासून. जन्मतारीख चुकली तर वाढीव पेन्शन चुकते: ८० व्या वर्षी २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट.

दर वर्षी हयातीचा दाखला लागतो. म्हाताऱ्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन ठसा घेत नाही आणि आजोबांना चार-चार वेळा बोट दाबायला लावतात. त्याऐवजी मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला करा, उजेड समोरून पडेल असं खिडकीसमोर बसवून. आणि ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डाचा अर्ज भरा. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना त्याची वर्गणी माफ आहे. कार्डावर आजींचं नावही त्याच अर्जात घाला.